खिशातली आत्या

"जेवताना मोबाईल? छे छे! आमच्या घरात ती पद्धतच नाही," असं मी सुभेदार नाथाजीरावांना फोनवर ठणकावून सांगितलं तेव्हा मी जेवत होतो.

समोर बसलेल्या मंगलनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, आपल्या मोबाईलवरची नजर वर उचलली. शिवांजलीनं कानातलं एक बोंड काढलं आणि विचारलं, "बाबा, कुणाच्या घरातली पद्धत?" मी तिला डोळ्यांनी दटावलं. जिच्या लग्नासाठी बापाला खोटं बोलावं लागतं, तिनं तरी असे प्रश्न विचारू नयेत.

ही कल्पना खरं तर माझी नव्हे. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दादासो राहतात. साखर कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते फक्त सल्ला गाळतात, आणि त्यांचा गळीत हंगाम बारमाही असतो. साताऱ्याच्या सुभेदारांचा मुलगा शिवांजलीला सांगून आलाय हे कळताच ते चपला न घालता आमच्याकडे आले.

"लालासाहेब, मिलिट्रीचा माणूस आहे. तो हुंडा बघणार नाही, पत्रिका बघणार नाही. शिस्त बघणार! माझ्या मेव्हण्याच्या पोराचं जमलेलं कशानं मोडलं? हॉटेलात मुलीचा आजा बोलत होता आणि हा टेबलाखाली बोटं चालवत होता. आजा म्हणाला, पोराला खरूज आहे."

"मग मी काय करू?"

"आधीच सांगून टाका. आमच्यात जेवताना फोन नसतो. निम्मी लढाई तिथंच जिंकली."

तशी मी ती जिंकली. पलीकडून सुभेदार गरजले, "वा! आमच्यातबी न्हाई. डिसिप्लिन म्हंजे डिसिप्लिन! रविवारी साताऱ्यात हॉटेलात भेटू. घरात नगं, उगं पोरगी बघायला आल्यागत वाटतं. समद्यांचं फोन आत. मंजूर?"

"मंजूर," मी म्हणालो, आणि आमटीचा भुरका शक्य तितका हळू मारला.

दादासोंचं म्हणणं पडलं की रंगीत तालीम हवी. म्हणून आम्ही तिघं विश्रामबागेतल्याच एका हॉटेलात जेवायला गेलो. चौथे दादासो, परीक्षक म्हणून. फोन मंगलच्या पर्समध्ये गेले आणि टेबलावर अशी शांतता पसरली की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आमच्याकडे बघून आपला आवाज खाली आणला. त्यांना वाटलं, आमच्यात कुणी तरी गेलंय. बराच वेळ विचार करून मंगल म्हणाली, "जग चांगलाय नाही पाण्याचा?" आम्ही तिघांनी जगाकडे पाहिलं. चांगला होता. पण जगावर एखादं कुटुंब किती बोलणार? तेवढ्यात दादासोंचा फोन वाजला. ते तिथंच बसून जावयाशी तासभर बोलले. मी आठवण केली तर म्हणाले, "परीक्षकाला नियम नसतो."

यापेक्षा मोठा अडथळा म्हसवडला होता. त्याचं नाव शालूआत्या.

शालूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडील गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. तसा पहिलाही तिचाच असतो, मधले काही आम्ही बोलतो. सुटलेल्या रेडकामागं पळताना ती पडली आणि पायाला प्लॅस्टर बसलं, त्यामुळे साताऱ्याला येणं शक्य नव्हतं. मी फोनवर तिची समजूत काढायला गेलो.

"आत्या, मुलाचा फोटो पाठवतो की."

"फोटूत समदीच गुणी दिसत्यात. मला पोरगं खाताना दाव. माणूस खाताना कळतो, लाला. तुझा मामा कसा हाय ते मला त्याच्या पयल्या घासालाच कळलं हुतं, पण माझं ऐकतंय कोण?"

"अगं, पण टेबलावर फोन चालणार नाही. शब्द दिलाय मी."

"मग शब्द तू दिलायस, मी न्हाई. मी बघितल्याबिगर व्हय म्हणायचं न्हाई. आन् मी व्हय म्हणंस्तवर तुमी न्हाईबी म्हणायचं न्हाई."

यातून मार्ग मंगलनं काढला. माझ्या शर्टाच्या खिशात खाली रुमालाची जाड घडी, तिच्यावर फोन उभा, कॅमेऱ्याचे डोळे तेवढे खिशाच्या काठावरून बाहेर. व्हिडिओ कॉल चालू. आत्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून फोनला हेडफोनची वायर खोचायची आणि ती वायर खिशातच कोंबायची. "आणि तुम्ही फक्त छाती मुलाकडे ठेवायची," मंगल म्हणाली. आयुष्यात बायकोनं मला छाती पुढं काढायला सांगितल्याचा हा पहिलाच प्रसंग, तोही आत्यासाठी.

रविवारी साताऱ्यात पोचलो. सुभेदार दारातच उभे होते. मिशा, इस्त्री आणि पाठ, तिन्ही ताठ. शेजारी वहिनी, हसऱ्या, हातात भली मोठी उघड्या तोंडाची पर्स. आणि मुलगा, ऋषिराज. जनावरांचा डॉक्टर. उंच, सावळा, बोलायच्या आधी थोडा थांबणारा.

"मोबाईल?" सुभेदारांनी विचारलं.

"आत," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"आमचंबी आत," ते म्हणाले, आणि वहिनींनी पर्स टेबलावर ठेवली. पर्सचं तोंड बरोबर शिवांजलीकडे होतं. शिवांजली जरा सरकली की वहिनीही पर्स जरा सरकवायच्या. मला वाटलं, साताऱ्याकडची रीत असेल.

बसलो आणि पहिलाच खोडा आला. टेबलावर मेनूकार्ड नव्हतं, चौकोनी नक्षीचा तो स्टिकर होता.

"स्कॅन करा साहेब," वेटर म्हणाला.

मी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. दोन सैन्यं समोरासमोर उभी होती आणि पहिली गोळी कुणालाच झाडायची नव्हती.

"छापील न्हाई का?" सुभेदार.

"छापील बंद केलं साहेब. मालक म्हणतात, पानांना आमटी लागते."

"मग तोंडी सांग."

वेटरनं हात मागं बांधले आणि परवचा म्हणावा तसं सुरू केलं. पनीरचेच इतके प्रकार निघाले की सगळं ऐकून होईपर्यंत पहिलं काय होतं ते कुणालाच आठवेना. सुभेदारांनी "परत!" अशी आज्ञा दिली. दुसऱ्या फेरीला बिचाऱ्याचा घसा बसला. शेवटी ऋषिराज हळूच म्हणाला, "सगळ्यांना थाळी चालेल का? म्हणजे यांचाही जीव सुटेल." शिवांजली हसली. ती हसली हे मी मुद्दाम सांगतोय, कारण याआधीच्या दोन मुलांसमोर ती इतकी गंभीर बसली होती की एकाच्या आईनं 'मुलीला बोलता येतं ना' असा निरोप पाठवला होता.

मला मुलगा आवडायला लागला होता. त्याच्याकडून पाण्याचा पेला कलंडला, तर त्यानं वेटरला हाक न मारता स्वतःच पुसून घेतलं. म्हशीच्या बाळंतपणाच्या गोष्टी तो अशा सांगत होता की ताटात दही असूनही कुणाला काही वाटत नव्हतं. पण मला धड ऐकू कुठं येत होतं? तो डावीकडे कलला की मी अख्खा डावीकडे, उजवीकडे कलला की अख्खा उजवीकडे. मध्येच वेटर आडवा यायचा, मग मी बुडाखाली काटा असल्यासारखा उठून बसायचो.

"लालासाहेब, मान धरलीया का?" सुभेदारांनी विचारलं.

"हो. येताना गार वारं लागलं ना," मंगलनं परस्पर उत्तर दिलं.

"आदी सांगायचं! युनिटात किती जवानांच्या माना बसवल्यात मी." आणि मी नको नको म्हणेपर्यंत ते खुर्ची सरकवून माझ्या मागं आले. एका हातानं हनुवटी धरली, दुसऱ्यानं टाळू. "ढिली सोडा. श्वास घ्या. एक... दोन..."

तीनला माझ्या मानेतून कट् असा आवाज आला आणि फोनमधून वायर निसटून खिशाबाहेर लोंबू लागली. पाठोपाठ माझ्या छातीतून खणखणीत आवाज आला:

"लाला! हाल की जरा बाजूला! मगापासनं नुसता त्या वेटरचा पट्टा दिसतोय. पोरगं कुटाय?"

सुभेदारांचे हात माझ्या डोक्यावर तसेच थांबले.

"लालासाहेब," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुमच्या छातीत बाई बोलतीया."

"गॅस," मी म्हणालो.

मी तेवीस वर्षं पाटबंधारे खात्यात काम करतोय. पाण्याच्या पाळीवरून अंगावर आलेल्या शेतकऱ्यांना मी न डगमगता उत्तरं दिली आहेत. पण त्या क्षणी मला 'गॅस' यापलीकडे शब्द सुचला नाही. मंगलनं पदरात तोंड लपवलं. शिवांजली पापडाकडे टक लावून बसली. आता सुभेदार आपला हात काढून घेतील, खुर्च्या मागं सरकतील आणि आम्ही सांगलीचा रस्ता धरू, असं मी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात टेबलावरची पर्स बोलली.

"कोण गं ती? आवाज वळखीचा वाटतोय. शाली का काय? म्हसवडची शाली?"

वहिनींनी घाईनं पर्सवर हात ठेवला, पण पर्स गप्प बसेना. सुभेदारांनी माझी मान सोडली आणि ते सावकाश आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मिशा होत्या तिथंच होत्या, पण इस्त्री गेली होती.

"आमची आई," ते म्हणाले. "मनुबाई. हॉटेलातलं खात न्हाई म्हणून आली न्हाई. पर पोरगी बघायची हुती तिला."

मी खिशातून फोन काढला. वहिनींनी पर्समधून फोन काढला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि दोन्ही फोनमधल्या बायकांना आमच्याशी काही देणंघेणंही उरलं नव्हतं.

"मने? तू?" आत्या ओरडली. "सोताच्या लग्नात मला बुंदीचा लाडू न वाढणारी मनी?"

"वाढला न्हाई म्हंजे? खाल्लास की गं! दुसऱ्यांदा मागितलास तवा संपलं हुतं!"

"संपलं नव्हतं! तुज्या चुलतीच्या पदरात बघितलं हुतं म्या!"

"आन् त्यावरनं तू समद्या गल्लीत सांगितलंस, मनीचा बा चिक्कू हाय म्हणून! सासरी जाताना रडायचं सोडून मी लाजेनं मान खाली घातली हुती!"

एका गल्लीत वाढलेल्या, एका पाटीवर लिहिलेल्या या दोघी मैत्रिणी एका लाडवावरून तुटल्या होत्या आणि पन्नास वर्षांत परत बोलल्या नव्हत्या, हे आम्हाला असं तुकड्यातुकड्यांनी समजलं. हॉटेलातल्या बाकी लोकांनाही समजलं. मागच्या टेबलावरचे एक काका तर खुर्ची फिरवून बसले.

"लाला, ऊठ तितनं!" आत्यानं हुकूम सोडला. "त्या घरात पोरगी द्यायची न्हाई!"

"आमाला तरी कुटं पायजे!" मनुबाईंनी उत्तर दिलं. "नाथा, ऊठ!"

मी आणि सुभेदार, दोघंही अर्धवट उठलो. मानेचं दुखणं, छातीतली बाई, सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण माझी मुलगी आज पहिल्यांदा एका मुलासमोर हसली होती, आणि ते स्थळ माझ्या जन्माआधी संपलेल्या लाडवावर मोडत होतं.

तेव्हा शिवांजली उठली. तिनं माझ्या हातातला फोन घेतला. ऋषिराजनं, न विचारता, आपल्या आईच्या हातातला घेतला. शेजारचं टेबल रिकामं होतं. तिथं दोन्हींचे पुढचे कॅमेरे चालू करून त्यांनी एक फोन पाण्याच्या जगाला टेकवून ठेवला आणि दुसरा समोर, बडीशेपेच्या वाटीला टेकवून. तोंडाला तोंड.

"आता तुम्ही दोघी काय ते बोलून घ्या," शिवांजली म्हणाली. "आम्ही जेवतो."

इतका वेळ दोघींनी एकमेकींचा फक्त आवाज ऐकला होता. आता चेहरा दिसत होता. आत्याचा आवाज आला, पण तो मगाचा नव्हता.

"मने... किती गं वाळलीस!"

"आन् तुजं केस कुटं गेलं गं शाले? गुडघ्यापातूर येणी हुती तुजी."

आम्ही आपल्या जागी बसलो आणि मान खाली घालून जेवायला लागलो. पण सुख कुठं? मॅनेजर आला. रविवार, बाहेर रांग, आणि चार माणसांच्या टेबलावर माणूस एकही नाही.

"साहेब, हे टेबल कुणाचं?"

"त्या दोघी बसल्यात की," सुभेदार म्हणाले.

मॅनेजरनं फोनकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "पण त्यांची ऑर्डर नाही ना. ऑर्डर नसेल तर टेबल अडवता येत नाही. नियम आहे."

नियम म्हटल्यावर सुभेदारांपुढे इलाज नव्हता. त्यांनी दोन थाळ्या मागवल्या. वेटरनं त्या दोन फोनांपुढे एकेक थाळी नीट वाढली, पाणीसुद्धा ओतलं. त्याची बिचाऱ्याची चूक नाही, त्यानं दिवसभरात यापेक्षा बरी गिऱ्हाइकं पाहिली नसतील. लगेच पलीकडून शेरे सुरू झाले. आमटीला तवंग नाही. भात गिच्च झालाय. "आन् ह्या वाटीत काय हाय रं पांढरं?" "श्रीखंड आहे आजी." "एवढंसं? हितंबी मनीच्या बाचाच आचारी दिसतोय!" यावर मनुबाई खो खो हसल्या, आणि मग आत्याही. लाडवाचं भांडण मिटलं होतं की नुसतं विसाव्याला बसलं होतं, कळायला मार्ग नव्हता.

आमच्या टेबलावर सुभेदारांनी घसा साफ केला.

"लालासाहेब, आता खरं सांगू? कुस्तीचा फड लावल्याबिगर मला घास उतरत न्हाई. ही समोर मालिका लावून बसती. ऋषी तेवढा फोन बघत न्हाई, कारण त्याला जेवताना कुणाची तरी म्हस बोलावून नेती."

"मीही सांगतो मग. तुम्हाला फोनवर ती पद्धत सांगत होतो ना, तेव्हा मी जेवतच होतो."

"ठाव हाय की! चावल्याचा आवाज येत हुता."

"तरी तुम्ही वा म्हणालात?"

"मीबी जेवतच हुतो."

मग आम्ही दोघं असे हसलो की मला ठसका लागला आणि सुभेदार पुन्हा माझ्या मानेकडे यायला निघाले. मी हात जोडले. त्यानंतरचं जेवण कसं झालं विचारू नका. मंगल आणि वहिनी मालिकेतल्या सासूवर तुटून पडल्या, सुभेदारांनी मीठदाणी आणि लोणच्याची बाटली घेऊन कुस्तीतला ढाक डाव समजावला. पाण्याच्या जगाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

फक्त निकाल लागला नाही. आम्ही बडीशेप खात असताना आत्या काहीतरी गंभीर आवाजात म्हणाली, "मने, मी काय म्हणते, ह्या पोरांचं..." आणि माझ्या फोननं मान टाकली. बॅटरी संपली. पुढं ती काय म्हणाली हे तिलाच ठाऊक. गाडीतल्या चार्जरवर फोन जिवंत करून लावला तर आत्याचा बंद. तिच्याही फोनचा जीव गेला होता. शिवांजली परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "मुलगा कसा वाटला?" ती म्हणाली, "आत्याआजी काय म्हणते बघू." असं शहाण्यासारखं ती याआधी कधी बोलली नव्हती, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

दादासो गेटपाशीच उभे होते. चेहरे बघून म्हणाले, "मोडलं ना? मी म्हटलंच होतं, असले नियम काढू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो तर सुभेदारांचा फोन.

"लालासाहेब, आई घरात न्हाई!"

"म्हणजे?"

"ऋषीला गाडी काढायला लावली आन् म्हसवडला गेली. इचारलं, भांडाण मिटवायला निगालीस का वाडवायला? तर म्हणती, ते तितं गेल्यावर ठरवू. तुमी या. मीबी निघतो."

मी रजेचा अर्ज लिहायला बसेपर्यंत शिवांजली तयार होऊन दारात उभी होती. तिनं रजा आधीच टाकली होती. कुणाच्या फोनवरून तिला हे कळलं, ते मी विचारलं नाही.

म्हसवडला पोचलो तेव्हा आत्याच्या अंगणात बाज टाकली होती. बाजेवर प्लॅस्टरचा पाय लांब करून आत्या, आणि तिच्या उशाशी एक किरकोळ बांध्याची म्हातारी, तिच्या उरल्यासुरल्या केसांची वेणी घालत होती. सुभेदार आमच्या आधी येऊन भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलेलं दिसत नव्हतं.

"ये लाला," आत्या म्हणाली. "तिथ काढलीया आमी. मनीच्या दारात मांडव नगं, तिच्याकडं पाऊस लय. हितंच करू."

"तिथ? कशाची? आत्या, काल तर तू म्हणालीस पोरगी द्यायची नाही!"

"ते पोरगं बघायच्या आदी."

"बघितलंस कधी? तू तर टेबलावर मनुबाईंशी बोलत होतीस."

"बोलत तोंडानं हुते. डोळं मोकळंच हुतं की. मनीच्या फोनच्या मागं तुमचं समदं टेबल दिसत हुतं. तुमी दोगं बाप चावल्याचा आवाज आला का न्हाई, म्हणून खिदळत हुता. तवा पोरीनं भाजीतली मिरची काढून मदल्या बशीत ठेवली. पोरानं वांगं समजून उचलली आन् खाल्ली."

"मला वेटरची पाठ दिसत हुती," मनुबाई म्हणाल्या. "शालीनं मला समदं सांगितलं."

"डोळ्यांतनं पाणी आलं पोराच्या, पर तोंडातनं चकार शब्द काढला न्हाई. आन् हिनं काय केलं? तुमी बघायच्या आत आपल्या ताकाचा गलास त्याच्याकडं सरकवला. तेनं निम्मं पिऊन परत सरकवला. निम्मं ठेवलं, लाला! आजून काय बघायचं असतंय माणसानं?"

मी मागं वळून मुलीला शोधलं. ती गोठ्यात होती. ज्या रेडकानं आत्याला पाडलं, त्याचं दावं तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ऋषिराज खाली बसून त्याचा खूर तपासत होता. दोघं काहीतरी बोलत होती. रेडकाला बोलण्यात काही रस दिसत नव्हता.

तरीपण मुलीचा बाप म्हणून माझा काही मान आहे की नाही? मी जरा आवाज चढवला.

"आत्या, सगळं तुम्हीच ठरवलंत. मला कुणी काही विचारणार आहे का नाही?"

"इचारणार की," आत्या म्हणाली. "भाकरी बाजरीची करू का जोंधळ्याची?"

सुभेदार भिंतीपासून निघाले, ओसरीवरचे दोन पाट त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि एकावर स्वतः मांडी घालून बसले.

"बसा व्याही," ते म्हणाले. "आपल्याला तेवढंच ठरवायचंय."